साठीनंतर हाताला आणि गळ्याला काम का हवं

"बाबा, वेळ जात नाही ना तुमचा, मग काहीतरी छंद लावून घ्या की" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि म्हणणाऱ्याच्या मनात काळजीच असते. मग ऑनलाइन कलरिंग बुक मागवलं जातं, रंगपेन्सिलींचा डबा येतो, एखाद्या घरी छोटा कीबोर्डही येतो, चार दिवस ते सगळं टीपॉयवर दिसतं आणि मग शोकेसच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतं. घरच्यांना वाटतं यांना कशातच इंटरेस्ट नाही. आणि त्याच सोसायटीत, त्याच वयाच्या एक काकू असतात, गुडघे त्यांचेही दुखतात, बीपीची गोळी त्यांनाही चालू आहे, पण मंगळवारी दुपारी साडेतीन वाजले की साडी बदलून, टाळ पिशवीत टाकून त्या खाली उतरलेल्या असतात, लिफ्ट बंद असली तरी कठड्याला धरून उतरतात.

हा फरक कशामुळे पडतो? मी बरीच वर्षं एका महिला भजनी मंडळाला पेटीची साथ करते आणि आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवणी लिहिण्याचा गट चालवायला मदत करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोळ्यासमोर रोज असतो. यावर जगात बराच अभ्यासही झालाय, पण तो आपल्यापर्यंत येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "गाणं म्हणा, डिमेन्शिया टाळा" अशा फॉरवर्डमधून, आणि त्यात खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती ते कळत नाही. म्हणून जरा नीट बघू.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करून घ्यायला लागते. एकटं असणं आणि एकटं वाटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखादी बाई वाड्यात एकटी राहते आणि मजेत असते, आणि दुसरी तीन पिढ्यांच्या भरल्या घरात राहून आतून सुकत चाललेली असते. कारण माणसांची संख्या हा मुद्दाच नसतो. नोकरी होती तेव्हा दहा जण अडून बसायचे, "सरांची सही झाली का" म्हणून विचारायचे. घर चालवणाऱ्या बाईकडे तर सगळ्यांचंच काम असायचं. रिटायरमेंटनंतर, सून आल्यानंतर, मुलं हिंजवडीला किंवा न्यू जर्सीला गेल्यानंतर फोन येतात, अगदी रोज येतात, पण त्या फोनवर काय विचारतात तर जेवलात का, गोळी घेतलीत का, पडला नाहीत ना. सगळी चौकशी त्यांना काय हवं याची. त्यांच्याकडून काही हवंय असं कुणीच म्हणत नाही. माझं स्पष्ट मत आहे की म्हातारपणातला एकटेपणा जास्त करून इथून येतो, आणि म्हणूनच वेळ घालवायला दिलेली वस्तू त्यावर चालत नाही. कलरिंग बुक अर्धं राहिलं तर कुणाचं काय अडतं?

आता मेंदूचं बघू. वय वाढलं की मेंदूचा वेग कमी होतो, हे खरं आहे. नाव पटकन आठवत नाही, एका वेळी दोन कामं डोक्यात राहत नाहीत, फोनवर ओटीपी येतो तो टाइप करेपर्यंत विसरतो. पण सगळंच उतरणीला लागतं असं नाही. शब्दसंग्रह, माणसं ओळखण्याची समज, आयुष्यभर केलेल्या कामातलं कसब या गोष्टी बराच काळ टिकून राहतात, शब्दांचा साठा तर साठीपर्यंत आणि कित्येकांचा त्याच्याही पुढे वाढत राहतो. मानसशास्त्रज्ञ यांना बुद्धीचे दोन प्रकार मानतात, एक झटपट नवं कोडं सोडवणारी आणि दुसरी साठवणीतली. कलेत काय होतं की दोन्ही एकत्र कामाला लागतात. अभंग पन्नास वर्षांपूर्वी आईकडून ऐकलेला आहे, तो साठवणीतला, पण त्याची चाल मंडळात नवीन बसवली जातेय, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते पकडायचंय, शेजारणीच्या आवाजात आवाज मिसळायचाय, हे सगळं नवं आणि ताजं.

आणि इथे "नवं" हा भाग फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनीस पार्क नावाच्या संशोधक बाईंनी ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांना घेऊन एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. काही जणांना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखं क्विल्टिंग, काहींना दोन्ही, तर एका गटाला नुसतं एकत्र येऊन गप्पा, सहली, खेळ, आणि आणखी एका गटाला घरच्या घरी शब्दकोडी, गाणी ऐकणं असली हलकीफुलकी कामं दिली. तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास. शेवटी चाचण्या घेतल्या तेव्हा स्मरणशक्तीत फरक दिसला तो नवीन कठीण काही शिकणाऱ्यांमध्ये, त्यातही फोटोग्राफीवाल्यांमध्ये जास्त. कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यांना नवीन होते ना, डोकं खाजवायला लागत होतं. नुसत्या गप्पांच्या गटाला स्मरणशक्तीत तेवढा फायदा दिसला नाही. याचा अर्थ फोटो काढले की विसरभोळेपणा बरा होतो असा अजिबात नाही, तीन महिन्यांचा प्रयोग आहे तो. पण एवढं नक्की म्हणता येतं की ज्यात अडखळायला होतं, चुकतं, परत करावं लागतं, अशी गोष्ट म्हाताऱ्या माणसाला द्यायला घाबरू नये. आपण नेमकं उलटं करतो, सोप्यात सोपं, लहान मुलांचं असतं तसं काहीतरी आणून देतो.

दुसरा अभ्यास त्याच्या आधीचा, आणि या विषयात त्याचं नाव सगळे घेतात. जीन कोहेन म्हणून वृद्धांचे मनोविकारतज्ज्ञ होते वॉशिंग्टनमध्ये, त्यांनी २००१ मध्ये सुरू केला आणि २००६ मध्ये अहवाल आला. वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे ३०० माणसं, वयं ६५ पासून थेट १०३ पर्यंत, सरासरी ८०. निम्म्या लोकांना व्यावसायिक कलाकारांनी चालवलेल्या वर्गांत घेतलं, कुठे समूहगान, कुठे चित्रकला, कुठे लेखन, आणि बाकीचे निम्मे आपापलं नेहमीचं आयुष्य जगत होते. कलेच्या वर्गातल्यांचं एकटेपण कमी झालं, औषधं आणि डॉक्टरच्या फेऱ्या दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिल्या, पडण्याचे प्रसंगही कमी झाले. ८० वर्षांच्या सरासरीच्या गटात! कोहेन याची दोन कारणं द्यायचे. एक म्हणजे "हे मला जमतंय" ही जाणीव, जी एका गोष्टीत आली की इतर गोष्टींतही उतरते, आणि दुसरं माणसांशी जोडलं जाणं. हा अभ्यास काही लॉटरी काढून माणसं वाटलेला नव्हता, म्हणजे ज्यांना मुळातच हौस होती ते कलेच्या गटात जास्त गेले असण्याची शक्यता राहते, त्यामुळे त्याच्यावर फार मोठा इमला चढवू नये.

लॉटरी काढून केलेला अभ्यास नंतर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. ज्येष्ठांची १२ केंद्रं, ६० च्या पुढचे ३९० लोक, बरेच गरीब वस्त्यांतले, वेगवेगळ्या भाषा बोलणारे. काही केंद्रांत समूहगानाचे वर्ग लगेच सुरू केले, काहींत सहा महिने थांबवून. सहा महिन्यांनी बघितलं तर गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झालेला, आयुष्यातला रस वाढलेला. पण स्मरणशक्ती आणि शरीराच्या चाचण्यांत खास फरक नाही. मला हा निकाल उलट फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. गाण्यानं मेंदू तरुण होईल असं सांगून कुणाला मंडळात आणायचं आणि मग नाव विसरल्यावर त्या बाईनं स्वतःलाच दोष द्यायचा, असं होऊ नये. एकटेपणा कमी होतो आणि सकाळी उठावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे की.

आणखी एक आकडा फिरत असतो, नाटक-म्युझियमला जाणाऱ्यांचं आयुष्य वाढतं म्हणून. तो इंग्लंडच्या अभ्यासातला आहे, ५० च्या पुढचे ६,७१० लोक, १४ वर्षं पाठपुरावा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला. संशोधकांनी पैसा, शिक्षण, आधीची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला, पण तरीसुद्धा नाटकाला गेल्यामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही, ज्याच्या अंगात ताकद आहे तोच नाटकाला जातो हेही असतंच.

आता गाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ते मी जवळून बघते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं, काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. २०१५ मध्ये त्यांनी लिहिलं की सात महिन्यांच्या शेवटी सगळ्याच वर्गांतल्या माणसांची एकमेकांशी जवळीक झाली होती, पण गाण्याच्या वर्गात ती पहिल्या महिन्यातच झाली. म्हणजे गाणं ओळख लवकर करून देतं, आणि ती सुद्धा एकमेकांशी फार बोलायच्या आधी. असं का होत असावं ते आमच्या मंडळात बसलं की कळतं. वीस जणी एकाच वेळी श्वास घेतात, एकाच वेळी सोडतात, टाळ एका ठेक्यावर पडतो, आणि ज्या बाईला तुम्ही अजून "तुमचं माहेर कुठलं" एवढंही विचारलेलं नाही तिच्याबरोबर तुम्ही अर्धा तास एका लयीत हललेल्या असता. एकत्र, एका तालात हालचाल केली की माणसांना एकमेकांबद्दल आपुलकी वाटायला लागते हे प्रयोगांतही दिसलंय.

शिवाय आपल्या भजनाची रचनाच अशी आहे की ती म्हातारपणाला सांभाळून घेते. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्यामुळे पाठ नसलं तरी चालतं, वाचता येत नसलं तरी चालतं, दम लागला तर दुसऱ्या म्हणतात तेवढ्यात श्वास घेता येतो, कुणाला कळतही नाही. ज्यांना डिमेन्शिया आहे अशी माणसंसुद्धा यात बसू शकतात कारण लहानपणापासून कानात बसलेल्या चाली बाकीच्या आठवणींपेक्षा खूप उशिरापर्यंत राहतात. आमच्याकडे एक आजी येतात, नातीचं नाव त्यांना सांगावं लागतं, पण "रूप पाहता लोचनी" सुरू झालं की शेवटच्या कडव्यापर्यंत एक शब्द चुकत नाही आणि चेहरा असा उजळतो की त्यांची मुलगी, जी त्यांना घेऊन येते, ती दर वेळी बाजूला तोंड करून डोळे पुसते.

एक छोटी गोष्ट जी फार ठिकाणी सांभाळली जात नाही, ती म्हणजे पट्टी, पेटीवरच्या कुठल्या स्वराला सा धरून गायचं ते. बायकांचा आवाज पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत खाली येतो, पुरुषांचा उलट म्हातारपणी थोडा वर सरकतो. एखादी बाई तरुणपणी काळी चारमध्ये गायची, सत्तरीत तिला तीच पट्टी धरायला लावली की तार सप्तकात आवाज फाटतो आणि तिला वाटतं "माझा गळा गेला". गळा गेलेला नसतो हो, पेटीवाल्यानं पट्टी उतरवायची असते. आम्ही काळी तीनवर, कधी पांढरी चारवर घेतो. दोन-तीन स्वरांनी खाली आलं की ज्या ओठ हलवून नुसतं बसायच्या त्या मोकळ्या आवाजात म्हणायला लागतात. पेटी नवी घ्यायला लागत नाही, शिकवणी लागत नाही, फक्त कुणीतरी लक्ष द्यायला हवं. कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना पेटीच्या आणि पखवाजाच्या जवळ बसवायचं, कारण ऐकू येत नाही म्हणून माणूस गटातून हळूहळू मागे सरकतो आणि घरचे म्हणतात त्यांना यायचं नसतं.

हाताच्या कामाचं वेगळं आहे. त्यात ओळख सावकाश होते पण हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. गोधडी शिवायला बसलेल्या बायका बघा. जुन्या सुती साड्यांचे थर अंथरायचे, कडा आत मुडपायच्या, आणि कडेनं धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, मोठी गोधडी असेल तर दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंनी बसतात. नजर टाक्यावर असते त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागत नाही, आणि म्हणून जी गोष्ट समोरासमोर सोफ्यावर बसून कधी सांगितली गेली नसती ती तिथे सहज निघते, नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाची, पोटातच गेलेल्या बाळाची, सासूची. थरात कुणाची साडी आहे ते सगळ्यांना माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे ती गोधडी कुणासाठी तरी असते, नातवाच्या बारशाची असते, परदेशात निघालेल्या भाचीची असते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं होतं की उतारवयाकडे जाताना माणसाला पुढच्या पिढीसाठी काही करून ठेवण्याची ओढ लागते, ती पुरी झाली नाही की माणूस आतून थबकल्यासारखा होतो. लॉरा कार्स्टन्सन या संशोधिकेचं काम त्याला जोडूनच आहे, पुढे वेळ थोडा उरलाय असं जाणवायला लागलं की माणसं ओळखीपाळखी वाढवण्यापेक्षा थोड्याच पण जिव्हाळ्याच्या माणसांत आणि मनाला भिडणाऱ्या कामांत वेळ घालवायला लागतात. त्यामुळे आईला "नवीन लोकांत मिसळ गं" असं नुसतं म्हणून काही होत नाही, पण "माझ्या मुलीला तुझ्या हातची गोधडी हवी, आणि मलाही शिकव" म्हटलं की लगेच विचारते दोरा कुठला आणलास.

तिसरी वाट लिहिण्याची. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये एक साधी पण त्या काळी नवीन गोष्ट मांडली. तोवर म्हातारी माणसं जुन्या गोष्टी उगाळतात हे डोकं थकल्याचं लक्षण समजलं जायचं. बटलर म्हणाले की नाही, ते आयुष्याचा हिशेब जुळवणं आहे, आणि ते करणं गरजेचं आहे. मात्र मनातल्या मनात तीच खंत घोळवत बसणं वेगळं आणि ती कागदावर उतरवून कुणाला वाचून दाखवणं वेगळं. लिहिताना क्रम लावायला लागतो, दुसऱ्या माणसाच्या बाजूनं बघायला लागतं, आणि कधी कधी चाळीस वर्षं मनात असलेला राग दोन पानांत आवरतो.

आपल्याकडे याचं फार मोठं उदाहरण आहे, लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले आणि 'स्मृतिचित्रे' छापून यायला लागली १९३४ पासून, म्हणजे तेव्हा बाईंनी साठी ओलांडलेली होती. मराठीतलं इतकं जिवंत, हसतं-रडतं गद्य लिहिणाऱ्या बाईचं मुख्य काम म्हातारपणातलं आहे, हे आपल्या किती जणांच्या लक्षात असतं?

आमच्या गटात आम्ही "आत्मचरित्र लिहा" असं कधीच सांगत नाही, त्यानं माणूस दबून जातो. प्रश्न लहान द्यायचा. पहिल्या पगारातून काय घेतलं. घरात वीज आली तो दिवस. बहात्तरच्या दुष्काळात घरी काय शिजायचं. सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत आपल्यात, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या बायका आहेत, आणि त्या म्हणतात "आमचं काय लिहायचं". एक पान लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात वाचून दाखवायचं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. वाचून झालं की "छान" म्हणून पुढे जायचं नाही, प्रश्न विचारायचा, मग बैलाचं काय झालं, मग सासरे काय म्हणाले. त्या प्रश्नात सगळी गंमत आहे, कारण तिथे कळतं की आपलं कुणी खरंच ऐकलं.

ज्या बायका "मला काही येत नाही" म्हणतात त्यांच्याकडे केवढं असतं याचा पुरावाच आहे आपल्याकडे. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. एक लाख! त्यांतल्या बऱ्याच जणींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आणि लिहिता येत नाही म्हणून खंत असेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरं गिरवायला लागल्या, काहींना सोडायला नातवंडं यायची.

"या वयात हात थरथरतो, डोळ्याला दिसत नाही, आता काय शिकणार" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं. शरीराचं बंधन खरंच आहे, ते नाकारून चालत नाही, पण पुष्कळदा त्या बंधनातूनच कामाचा नवा प्रकार निघतो. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस भरतकाम करायच्या, संधिवातानं सुई धरवेना म्हणून ७८ व्या वर्षी ब्रश धरला आणि १०१ व्या वर्षी जाईपर्यंत चित्रं काढत होत्या. इंग्लंडच्या मेरी डेलनी यांनी ७२ व्या वर्षी रंगीत कागद कातरून फुलांची चित्रं करायला घेतली, नजर जाईपर्यंत दहाएक वर्षांत जवळजवळ हजार केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि आपले रवींद्रनाथ, हस्तलिखितातल्या खोडाखोडीला आकार देता देता साठीनंतर चित्रकार झाले, १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरलं तेव्हा सत्तरीला टेकले होते. ही मोठी नावं आहेत, सगळ्यांनी असं व्हायचं नसतं, पण हत्यार बदलायचं हे त्यांच्याकडून घेता येतं. क्रोशाची सुई बोटांत राहत नसेल तर जाड मुठीची मिळते, नाहीतर मुठीला कापडाची पट्टी गुंडाळायची. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसत नाही, मग गडद कापड घ्या, दिवा डाव्या बाजूनं घ्या. मोतीबिंदू पिकलाय तर आधी ऑपरेशन करून घ्या, ते पुढे ढकलत राहिल्यानं कितीतरी जणांचं वाचन-शिवण उगाच सुटतं. रांगोळीला खाली बसवत नाही तर टेबलावर पाटावर काढा.

पुरुषांचा प्रश्न जरा अवघड आहे. बायकांना मंगळागौर, भोंडला, हळदीकुंकू, भजन असे एकत्र यायचे बहाणे आधीपासून असतात, आता तर पन्नाशी-साठीतल्या बायकांचे मंगळागौरीचे ग्रुप कार्यक्रम करत गावोगाव फिरतात. पुरुषांची सगळी ओळख ऑफिसची, आणि ती कार्डाबरोबर जमा होते. बागेतल्या बाकावर बसून राजकारणावर बोलणं चालतं पण त्यात स्वतःचं काही बाहेर येत नाही. कराओके ग्रुपांनी इथे खरंच चांगलं काम केलंय असं माझं मत झालंय. कुणी कितीही नावं ठेवो, बँकेतून रिटायर झालेला माणूस महिनाभर एक जुनं द्वंद्वगीत घोकतो, समोरच्या गायिकेबरोबर सूर जुळवायला तिच्याशी फोनवर चर्चा करतो, हॉलमध्ये पन्नास जणांसमोर उभा राहतो, शिकणं, ठरलेला दिवस आणि आपल्यावर अवलंबून असलेला जोडीदार हे सगळं त्यात आलं. फक्त फी आणि हॉलचा खर्च बघून घ्या, काही ठिकाणी तो फार असतो आणि पेन्शनवाल्याला न परवडल्यामुळे तो गुपचूप यायचा बंद होतो.

घरच्यांसाठी दोन शब्द. आजीची दुपार ही रिकामी समजून तिच्या अंगावर नातवाची शाळेची बस, गॅसवाला, पार्सल हे सगळं टाकलं जातं, आणि मग मंडळात "आज जमणार नाही" असे फोन येतात. तिचा मंगळवार तिचा ठेवा, ऑफिसची मीटिंग ठेवता तसा. तिनं काही केलं की लहान बाळाचं करतात तसं "किती गोड" म्हणून फोटो टाकू नका, तिला विचारा हा टाका कसा घातलास, ही चाल कुणाची. चूक असेल तर चूक म्हणा, तिला चालतं, उलट तिला बरं वाटतं की कुणीतरी गंभीरपणे घेतंय.

आणि कधी कधी हे काहीच लागू पडत नाही. जोडीदार जाऊन दोन महिने झालेल्या माणसाला ओढून गाण्याला नेऊ नये, त्याला वेळ द्यावा. झोप उडालीय, जेवण तुटलंय, कशातच मन लागत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू आहे, तर ते डिप्रेशन असू शकतं, तो आजार आहे, त्याला डॉक्टर आणि औषध लागतं, छंद नाही. टेलिमानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, दोन्ही मोफत.

बाहेर पडताच येत नाही अशांचं काय? अंथरुणावर असलेल्या, किंवा मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आणि गाडी चालवता येत नाही म्हणून दिवसभर घरात बसलेल्या आईवडिलांचं? तिथली महाराष्ट्र मंडळं आहेत पण ती शनिवार-रविवारची, आणि आठवडा सात दिवसांचा. आमच्या मंडळातल्या एक काकू मुलीकडे टेक्सासला गेल्या तेव्हा आम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यायला बघितलं, पण आवाज मागेपुढे होतो, एकत्र म्हणता येत नाही. मग आम्ही असं केलं की त्यांनी एक ओळ व्हॉइस मेसेजवर म्हणून पाठवायची, मंगळवारी आम्ही ती मोठ्यानं लावायची आणि सगळ्यांनी ती उचलून म्हणायची, आणि ते रेकॉर्ड करून त्यांना परत पाठवायचं. त्यासाठी त्या तिकडे आठवडाभर ओळ शोधतात, जुनी वही बघतात, मुलीला अर्थ सांगतात, आणि सोमवारी रात्रीपर्यंत मेसेज आला नाही तर इकडून फोन जातो, काकू, ओळ कुठंय?